वीज गावाची, लगाम कुणाच्या हाती?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ कोकणच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, मंडणगड, दापोली या भागांत माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरची कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब उन्मळून पडले. महावितरणचे वायरमन पावसापाण्यात राबत होते; तरीही कित्येक गावांत वीज परतायला आठवडे लागले. अंधाराबरोबर पाण्याचे पंप थांबले, दूरध्वनी मुके झाले, दवाखान्यांतील शीतपेट्या बंद पडल्या.

अशा आपत्तीच्या वेळी एक विसंगती ठळकपणे समोर येते. ज्या घराच्या छपरावर सौर पॅनेल बसवलेले आहे त्या घरातही, बॅटरीची वेगळी सोय नसेल तर, अंधारच असतो. ऊन आहे, पॅनेल शाबूत आहे, इन्व्हर्टर शाबूत आहे. पण पंखा फिरत नाही आणि पंप चालत नाही. कारण साधे आहे. आपल्याकडे छपरांवर बसणारे बहुतेक सौर इन्व्हर्टर ग्रीडच्या मागून चालणारे आहेत. तारेतून येणाऱ्या विजेचा ताल ऐकायचा, त्या तालात आपली वीज मिसळायची आणि ताल थांबला की आपणही थांबायचे, एवढेच त्यांना ठाऊक असते. स्वतः ताल धरणे त्यांना शिकवलेलेच नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेने १ कोटी घरांच्या छपरांवर सौरवीज नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. मध्यमवर्गीय कुटुंबे अनुदान घेऊन, प्रसंगी कर्ज काढून त्यात सहभागी होत आहेत. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. मात्र एवढी मोठी गुंतवणूक होत असताना एक प्रश्न वेळीच विचारला गेला पाहिजे. ही छपरे, ही गावे, ही बेटे कायम दुसऱ्याच्या तालावर चालणारी राहणार, की प्रसंगी स्वतःचा ताल स्वतः धरू शकणार? प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. पण त्याचे उत्तर ठरते ते विजेचा लगाम कुठे ठेवायचा या निर्णयावर.

पन्नासचा ताल

आपल्या देशात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणजे दर सेकंदाला ५० आवर्तने, अशी ठरलेली आहे. वीज कोठारात भरून ठेवलेल्या धान्यासारखी नसते. ज्या क्षणी जितकी वापरली जाते तितकीच त्या क्षणी निर्माण व्हावी लागते. वापर वाढला आणि निर्मिती तेवढीच राहिली, तर जनित्राचे चक्र मंदावते आणि वारंवारता ५० च्या खाली येते. वापर घटला तर चक्र भरधाव होते आणि वारंवारता वर जाते. म्हणजे वारंवारता ही साऱ्या व्यवस्थेची नाडी आहे. ती पाहण्यासाठी मुख्यालयात जावे लागत नाही; घरातल्या प्रत्येक प्लगमध्ये ती उपलब्ध असते.

या नाडीवर बोट ठेवून यंत्राला आवरण्याची युक्ती जुनी आहे. जेम्स वॉटने १७८८ च्या सुमारास वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा नियंत्रक जोडला. वेग कमी झाला की गोळे खाली येत आणि वाफेची झडप अधिक उघडे. वेग वाढला की उलट. पुढे वीजकेंद्रांतील जनित्रांनाही हेच तत्त्व लागू झाले. मात्र त्यात एक शहाणपण होते. प्रत्येक जनित्राने वेग अगदी काटेकोरपणे ५० वर ठेवण्याचा हट्ट धरला, तर शेजारशेजारची जनित्रे एकमेकांशी झगडू लागतात. एक ओढते, दुसरे ढकलते. म्हणून भार वाढला की वेग थोडासा घसरू द्यायचा, ही घसरण किती असावी ते आधीच ठरवून ठेवायचे आणि त्या प्रमाणात प्रत्येकाने भार उचलायचा, अशी पद्धत रूढ झाली. अभियंते तिला ‘ड्रूप’ म्हणतात; मराठीत तिला ‘उतार-नियम’ म्हणता येईल.

पालखीचे भोई चढणीला लागले की हेच घडते. चाल मंदावते. ती मंदावल्याचे प्रत्येकाच्या पावलाला कळते आणि ज्याच्या खांद्यात जितके बळ तितका जोर तो लावतो. कुणी हाकारा देत नाही, कुणी हिशेब मांडत नाही. चालीतला बदल हाच निरोप असतो.

एका मराठी अभियंत्याचा वाटा

मोठ्या जनित्रांचे हे ठीक. पण सौर पॅनेल आणि बॅटरी यांच्या पुढे बसणाऱ्या इन्व्हर्टरचे काय? इन्व्हर्टरमध्ये फिरणारे जड चक्र नसते. भार वाढला म्हणून तो आपोआप मंदावत नाही. दोन इन्व्हर्टर एका तारेला जोडले आणि दोघांनीही आपलाच ताल धरला, तर त्यांच्यात वीज गोल-गोल फिरत राहते आणि एखादा बंद तरी पडतो, नाहीतर जळतो.

या अडचणीवरचा मार्ग दाखवणारा एक मूलभूत निबंध १९९३ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विषय होता, ग्रीडपासून स्वतंत्र असलेल्या वीजव्यवस्थेत समांतर जोडलेल्या इन्व्हर्टरांचे नियंत्रण. निबंधाचे लेखक होते मुकुल चांदोरकर, दीपक दिवाण आणि रामबाबू अडापा. यांपैकी चांदोरकर यांनी पुढे मुंबईच्या आयआयटीत अध्यापन केले. जगभर आज मायक्रोग्रीडवर जे संशोधन चालते त्यात या निबंधाचा संदर्भ वारंवार येतो. ही बाब महाराष्ट्रात फारशी कुणाला ठाऊक नसावी, हे आपल्या सार्वजनिक चर्चेचे उणेपण म्हणावे लागेल.

निबंधातील कल्पना थोडक्यात अशी : इन्व्हर्टरला फिरते चक्र नसले, तरी ते असल्यासारखे वागायला त्याला शिकवता येते. आपण किती शक्ती देत आहोत हे तो स्वतः मोजतो आणि त्या प्रमाणात आपली वारंवारता किंचित खाली आणतो. समजा, एका वस्तीत ५ किलोवॅटचा एक आणि १० किलोवॅटचा एक असे दोन इन्व्हर्टर आहेत. भार नसताना दोघांची वारंवारता ५० आणि पूर्ण भाराला ४९.५, असा उतार दोघांनाही लावून दिला. वस्तीचा भार ९ किलोवॅट झाला, तर वारंवारता ४९.७ वर स्थिरावते आणि पहिला ३, दुसरा ६ किलोवॅट उचलतो. दोघांमध्ये दूरध्वनी नाही, वायर नाही, वरचा अधिकारी नाही. तरीही वाटणी ज्याच्या-त्याच्या क्षमतेप्रमाणे झाली. नियम प्रत्येकाच्या अंगी आहे, म्हणून शिस्तही प्रत्येकाची आपली आहे.

व्होल्टेजची कुरबुर

येथवर गोष्ट सरळ आहे. ती अवघड होते व्होल्टेजपाशी.

व्यवस्था स्थिरावली की वारंवारता गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच असते. त्यामुळे सर्वांना मिळणारा निरोपही एकच असतो. व्होल्टेजचे तसे नाही. डीपीजवळच्या घरात दिवा लख्ख आणि वाहिनीच्या शेवटच्या घरात मिणमिणता, हा अनुभव खेड्यातल्या प्रत्येक कुटुंबाला आहे. तार जितकी लांब आणि बारीक, तितका दाब घटतो. शिवाय पंपाची मोटर, जुने शीतकपाट यांना आपल्या चुंबकीय कामासाठी एक वेगळ्या प्रकारची शक्ती लागते. अभियंते तिला रिॲक्टिव्ह पॉवर म्हणतात. ती काम करून संपून जात नाही. तारेतून सारखी ये-जा करत राहते आणि तारेची जागा अडवते. तिची वाटणी व्होल्टेजच्या चढउतारावर चालते. पण प्रत्येक इन्व्हर्टरला आपल्या दारातलेच व्होल्टेज दिसते. म्हणून एक इन्व्हर्टर आपल्या वाट्यापेक्षा अधिक ओझे वाहतो, तर दुसरा निवांत राहतो. खेड्यातल्या कमी दाबाच्या तारांमध्ये ही गुंतागुंत आणखी वाढते. तेथे तारेचा साधा रोधच अधिक असल्याने वारंवारतेचा आणि व्होल्टेजचा हिशेब एकमेकांत मिसळतो.

दुसरी अडचण अशी, की उतार-नियमाने वाटणी होते. पण ताल ४९.७ वरच राहतो. तो पुन्हा ५० वर कुणी आणायचा? व्होल्टेज पूर्वपदावर कुणी आणायचे? या दुसऱ्या पायरीवरच ‘केंद्र की विकेंद्र’ हा खरा वाद सुरू होतो.

एक मार्ग केंद्रीय नियंत्रकाचा. एका खोलीत एक संगणक बसवायचा, सर्व इन्व्हर्टरांकडून त्याच्याकडे माहिती यायची आणि त्याने प्रत्येकाला आज्ञा द्यायची. हा मार्ग सोपा आणि नेटका आहे. परंतु तो संगणक बंद पडला, त्याच्याकडे जाणारी तार तुटली किंवा तो चालवणारी कंपनी गाशा गुंडाळून गेली, तर सारी व्यवस्था पोरकी होते.

दुसरा मार्ग वितरित नियंत्रणाचा. त्यात प्रत्येक इन्व्हर्टर केवळ आपल्या शेजारच्या एक-दोघांशी बोलतो. माझ्यावर माझ्या क्षमतेच्या इतके टक्के भार आहे, तुझ्यावर किती? फरक असेल तर दोघेही थोडे सरकतात. हीच देवघेव पुढच्या शेजाऱ्यांतही चालते. सेकंदागणिक असे सरकत-सरकत सारी वस्ती एका मतावर येते आणि वारंवारता ५० वर परतते. सर्वांनी सर्वांशी बोलावे लागत नाही. साखळी मात्र कुठे तुटू देता कामा नये. एखादा इन्व्हर्टर बंद पडला, नवा जोडला गेला, तरी बाकीचे आपले काम चालू ठेवतात. २०१३ नंतरच्या काळात या पद्धतीवर जगभर मोठे काम झाले आणि तिची स्थिरता गणिताने सिद्धही झाली.

याचा अर्थ ही पद्धत म्हणजे जादूची कांडी आहे, असा नव्हे. प्रत्येक ठिकाणी व्होल्टेज अगदी नेमके हवे आणि रिॲक्टिव्ह पॉवरची वाटणीही क्षमतेप्रमाणे अगदी नेमकी हवी, या दोन्ही गोष्टी सर्वसाधारणपणे एकाच वेळी साधत नाहीत. थोडे इकडे, थोडे तिकडे सोडावे लागते. सामंजस्याची किंमत द्यावी लागते, ती येथेही चुकत नाही.

देशाने हा धडा गिरवलेला आहे

नियम प्रत्येकाच्या हाती देण्याची ही कल्पना भारताला नवी नाही. आपल्या राष्ट्रीय ग्रीडच्या इतिहासात तिचा एक मोठा प्रयोग झालेला आहे. १९९० च्या दशकात आपल्याकडे वारंवारता कमालीची अस्थिर असे. राज्ये ठरल्यापेक्षा अधिक वीज ओढत. आज्ञा निघत, पण पाळल्या जात नसत. त्यावर उपाय म्हणून नवी दरप्रणाली आणण्यात आली. तिचे शिल्पकार म्हणून भानू भूषण यांचे नाव घेतले जाते. पश्चिम विभागात, म्हणजे महाराष्ट्रासह, ती १ जुलै २००२ पासून लागू झाली. नियम सोपा होता. वारंवारता घसरलेली असताना ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली तर दर चढा. वारंवारता वर असताना ओढली तर दर अल्प. दर कोणता, हे विचारण्यासाठी कुणालाही फोन करण्याची गरज नव्हती. वारंवारतामापक पाहिला की कळत असे. एका आकड्याने साऱ्या राज्यांना शिस्त लावली. २०१४ मध्ये ही प्रणाली जाऊन तिच्या जागी दुसरी व्यवस्था आली. पण तिने शिकवलेला धडा मोलाचा आहे. निरोप सर्वांना एकाच वेळी मिळावा, नियम आधी ठरलेला असावा आणि तो पाळण्याचे बळ प्रत्येकात असावे.

याउलट, एका ठिकाणचा बिघाड सर्वत्र पसरला की काय होते, ते ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी देशाने अनुभवले. ३१ तारखेला उत्तर, पूर्व आणि ईशान्य विभागांच्या ग्रीड कोसळल्या आणि ६० कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशात वीज गेली. त्यानंतर ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू होऊन दक्षिण विभागही उर्वरित देशाशी जोडला गेला आणि भारताची एक ग्रीड, एक वारंवारता झाली. ही राष्ट्रीय एकात्मतेची एक फार मोठी सिद्धी आहे. तिचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. पण शरीर एक असले तरी प्रत्येक अवयवात थोडी स्वतःची प्रतिकारशक्ती असावीच लागते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, तेव्हा हे पुन्हा दिसले. संकटसमयी मोठ्या ग्रीडपासून विलग होऊन तगून राहण्याची योजना त्या शहरासाठी कित्येक वर्षांपासून होती. त्या दिवशी ती शहराला वाचवू शकली नाही. विलग होणे सोपे असते. विलग झाल्यावर ताल टिकवणे अवघड असते.

एग आणि धरनई

ताल टिकवण्याचे हे काम छोट्या वस्तीला जमते का? स्कॉटलंडच्या पश्चिमेस एग नावाचे बेट आहे. लोकवस्ती सुमारे १०० माणसांची. १९९७ मध्ये रहिवाशांनी हे बेट सामूहिकरीत्या विकत घेतले. मुख्य भूमीवरून वीज आणणे परवडणारे नव्हते, म्हणून १ फेब्रुवारी २००८ रोजी त्यांनी जल, वारा आणि सूर्य यांच्यावर चालणारी स्वतःची ग्रीड सुरू केली. तेथे वारंवारता हीच निरोप्या आहे. बॅटऱ्या भरल्या आणि वीज जास्त झाली की वारंवारता किंचित वर जाते. त्या खुणेने निर्मिती आवरली जाते आणि उरलेली वीज सामुदायिक इमारती उबदार ठेवण्यासाठी वळते. घराला ५ किलोवॅट आणि व्यवसायाला १० किलोवॅट, अशी मर्यादा रहिवाशांनी स्वतःवर घालून घेतली. यंत्रातला नियम आणि माणसांतला नियम असे दोन्ही तेथे एकमेकांना पूरक ठरले.

आपल्याकडचे एक उदाहरण नेमके उलटे आहे. बिहारमधील जहानाबाद जिल्ह्यातल्या धरनई या गावात तीन दशके वीज नव्हती. २०१४ मध्ये ग्रीनपीस या संस्थेच्या पुढाकाराने तेथे १०० किलोवॅटची सौर मायक्रोग्रीड उभी राहिली. गाजावाजा मोठा झाला. परंतु लोकांच्या गरजा दिवा-पंख्यापुरत्या थांबणाऱ्या नव्हत्या. शीतकपाटे, दूरदर्शन संच लागले आणि बॅटऱ्यांवर ताण आला. ‘आम्हाला खरी वीज हवी’ अशी मागणी गावातूनच पुढे आली. थोड्याच काळात सरकारी ग्रीडची स्वस्त वीज पोहोचली आणि काही वर्षांत तो सौर प्रकल्प निकामी होऊन पडला. ग्रामस्थांची मागणी मुळीच चूक नव्हती. शहरातल्या घराला जी वीज चालते ती खेड्यातल्या घराला का चालू नये? चूक होती ती आराखड्याची. भार वाढेल तशी क्षमता जोडत जाण्याची, मोठी ग्रीड आल्यावर तिच्याशी ताल जुळवून घेण्याची आणि ती गेल्यावर पुन्हा स्वतः ताल धरण्याची सोय त्यात प्रभावीपणे नव्हती.

महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील दरेवाडी या सुमारे ४० घरांच्या वस्तीत २०१२ मध्ये ‘ग्राम ऊर्जा’ या संस्थेने सौर मायक्रोग्रीड उभारली. तेथे वस्तीतल्या लोकांचा न्यास करून त्याच्याकडे वीजबिल वसुलीची आणि देखभालीची जबाबदारी देण्यात आली. वस्तीला ग्राहक न मानता धनी मानण्याचा हा दृष्टिकोन अनुकरणीय आहे. यंत्रणेचा आराखडाही त्याच दृष्टीने व्हायला हवा.

बेटांचा प्रश्न

जेथे राष्ट्रीय ग्रीडची तार पोहोचू शकत नाही, तेथे तर हा विषय निकडीचा आहे. लक्षद्वीपच्या १० वस्तीच्या बेटांपैकी प्रत्येकाची वीजव्यवस्था स्वतंत्र आहे आणि ती मुख्यतः मुख्य भूमीवरून जहाजाने येणाऱ्या डिझेलवर चालत आली आहे. जानेवारी २०२४ मध्ये कवरत्ती येथे बॅटरीची जोड असलेल्या सौर प्रकल्पाचे उद्घाटन झाले. अंदमानात श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, येथे एनएलसी इंडिया या सरकारी कंपनीने २० मेगावॅटचा सौर प्रकल्प बॅटरीसह उभारला. ही दोन्ही द्वीपे देशाच्या सागरी सीमेची चौकी आहेत. तेथली वीज ही केवळ सोय नव्हे, सुरक्षेचीही बाब आहे.

अशा ठिकाणी सारे नियंत्रण एका संगणकात आणि त्या संगणकाची किल्ली दूरवरच्या, कदाचित परदेशी, पुरवठादाराच्या हाती ठेवणे कितपत शहाणपणाचे? २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील तीन वीजवितरण कंपन्यांच्या नियंत्रणकक्षांत परकीय घुसखोरांनी संगणकाद्वारे प्रवेश केला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज तोडली. काही तासांत ती परत आली, कारण कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांवर जाऊन हातांनी कळा जोडल्या. स्थानिक माणसाच्या हाती काही उरले होते, म्हणून निभावले.

वितरित नियंत्रणालाही धोके आहेत, हे मान्य केले पाहिजे. शेजाऱ्याशी बोलणारा इन्व्हर्टर खोट्या माहितीने फसू शकतो. मात्र उतार-नियम प्रत्येकाच्या अंगी असेल तर संवाद पूर्णपणे तुटला तरी दिवा विझत नाही. ताल थोडा खाली राहतो, इतकेच. बोलणे थांबले तर आंधळे होण्याऐवजी थोडे मंद होऊन चालत राहणारी व्यवस्था केव्हाही श्रेयस्कर.

आक्षेप आणि उत्तरे

काही आक्षेप रास्त आहेत. पहिला वायरमनच्या जीविताचा. मोठी ग्रीड बंद असताना छपरांवरील इन्व्हर्टर तारेत वीज सोडत राहिले, तर खांबावर चढलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. वीज गेली की इन्व्हर्टरने बंद व्हावे, हा नियम त्याच कारणाने केलेला आहे आणि तो मोडता कामा नये. परंतु घर किंवा वस्ती मोठ्या तारेपासून विश्वासार्ह कळीने पूर्णपणे तोडून मग आत स्वतःचा ताल धरणे शक्य आहे. रुग्णालये आणि कारखाने आपल्या जनित्रांबाबत हीच खबरदारी घेत आले आहेत.

दुसरा आक्षेप खर्चाचा. ताल धरणाऱ्या इन्व्हर्टरला बॅटरी लागते आणि त्याने खर्च वाढतो. म्हणून प्रत्येक घराने तो उचलावा असा आग्रह नाही. गावात चार-सहा ठिकाणी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, शाळा, पाणीपुरवठ्याचा पंप, दूरध्वनी मनोरा येथे ताल धरणारे इन्व्हर्टर बसले आणि ते आपापसांत भार वाटून घेऊ शकले, तरी वादळानंतरचे पहिले काही आठवडे सुसह्य होतील.

तिसरा आक्षेप असा, की आता वीज सर्वत्र पोहोचली आहे. एप्रिल २०१८ मध्ये मणिपूरमधील लेइसांग जोडले गेल्यावर देशातील सर्व गावे विद्युतीकृत झाल्याचे सरकारने घोषित केले. मग मायक्रोग्रीड हवी कशाला? तार पोहोचणे आणि तारेतून अखंड वीज येणे यांतला फरक ज्याने भारनियमनाचे दिवस पाहिले त्याला समजावून सांगावा लागत नाही. छोटी ग्रीड ही मोठीची स्पर्धक नव्हे. मोठी असताना तिच्याशी ताल जुळवणारी आणि मोठी खचली तर स्वतः उभी राहणारी, अशी ती सहकारी असावी.

काय व्हावे?

केंद्र सरकारने २०१६ मध्ये मिनी आणि मायक्रोग्रीडसाठी राष्ट्रीय धोरणाचा मसुदा मांडला होता. त्याच वर्षी उत्तर प्रदेशाने आपले धोरण जाहीर केले. मोठी ग्रीड पोहोचल्यावर छोटीचे काय करायचे, हा विचार या धोरणांत होता. आता त्यापुढची पायरी गाठली पाहिजे. सरकारी पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक स्वतंत्र ग्रीडमध्ये उतार-नियम इन्व्हर्टरच्या अंगी असावा आणि संवाद तुटला तरी व्यवस्था चालावी, ही निविदेतली अट असली पाहिजे. वेगवेगळ्या कंपन्यांचे इन्व्हर्टर एकमेकांशी बोलू शकतील अशी खुली भारतीय मानके ठरली पाहिजेत. अन्यथा एका कंपनीचा इन्व्हर्टर घेतला की गाव कायमचे तिच्या दावणीला बांधले जाईल. उताराचे आकडे बदलण्याची मुभा आणि त्याचे ज्ञान गावातल्या आयटीआय झालेल्या मुला-मुलींकडे असले पाहिजे. आणि यंत्राला नियम घालून देताना माणसांचा नियम, म्हणजे कुणी किती भार जोडायचा हे, गावाने ग्रामसभेत ठरवले पाहिजे.

ज्या देशातल्या अभियंत्याने जगाला ही वाट दाखवण्यात हातभार लावला, त्या देशाने आपल्या गावांसाठी आणि बेटांसाठी ती वापरू नये, हे विपरीत आहे. छपरावर पॅनेल बसवताना वीज किती मिळेल आणि अनुदान किती मिळेल हे प्रत्येक कुटुंब विचारते. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारण्याची सवय समाजाला लागली पाहिजे : मोठी तार तुटली, त्या दिवशी हे यंत्र काय करील? पुरवठादारांना आणि शासनाला हा प्रश्न पुनःपुन्हा ऐकू आला, तर त्याचे उत्तर द्यावेच लागेल. आणि पुढचे वादळ येण्यापूर्वी ते मिळालेले बरे.